उजवीकडून

आईच्या पेटीत, वाळ्याच्या जुडीखाली
सोगाच्या सालीत रंगवलेला बातिकचा शेला होता
आणि त्याच्या काठावर मेणाने राखलेल्या पाच ओळी.
गाव म्हणायचं, तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचं भाकीत.
आई नाही म्हणायची नाही.
हो-ही म्हणाली नाही कधी.

    मार्ग विचारील ऋषी, गोपुराच्या दगडांना;
    ताडाखाली हत्ती उभा राहील सोंड आवळून;
    सुकेल भूमी, डाग तेवढा ओला राहील;
    विहिरीला तोंड असेल, विहीर बोलणार नाही;
    तारे मोजील कोणी, आणि एक कमी भरेल.

क्रामालक्साना आजोबा हे मेगातृह वृत्तात म्हणत,
ज्या वृत्ताचं नावच मुळी प्राण तुटणं.
मग ओट्यावर अर्थ लावणं सुरू व्हायचं.
हत्ती म्हणजे डच, सोंड म्हणजे तोफ.
छे, हत्ती म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर.
एका उमेदवाराने झेंड्यावर हत्ती काढला, आणि पडला.
रॉकेलवाला पोनिरा गुप्तधनासाठी
बांबूच्या बेटातल्या बुजलेल्या विहिरीत उतरला,
दोन हात खणून वर आला,
पाय धुतले,
आणि पुन्हा त्याने विहिरीचं नाव काढलं नाही.

लॉटरीवाल्यांचं वेगळंच.
आमच्याकडे शब्दांना आकडे असतात:
ऋषी सात, गोपूर नऊ, हत्ती आठ, भूमी एक.
सात-नऊ-आठ-एक या नंबरावर
सुर्तिनाह काकूने तीन कोंबड्या विकून पैसे लावले.
नंबर लागला नाही. कोंबड्या गेल्या.

मोतीबिंदू काढला त्या आठवड्यात
मी शेला उन्हात टाकला.
पासष्ट वर्षांत पहिल्यांदा काठाचे धागे दिसले मला,
आणि धाग्यांबरोबर आठवलं ते, जे शाळेतलं पोरही सांगेल:
शब्दांत लपवलेलं साल शेपटाकडून वाचायचं असतं.
एक. आठ. नऊ. सात.
जावाच्या पंचांगातलं अठराशे सत्त्याण्णव.
तेव्हा मी सात वर्षांची होते.
कसला राजा, कसली तीनशे वर्षं!
माझ्या दुधाच्या दातांएवढं जुनं भाकीत.

त्या साली शाळेला मास्तर उरले नाहीत.
आमच्या घरालाही.

मग ओळींची पहिली अक्षरं.
रचणारा आपलं नाव तिथे पेरून ठेवतो, अशी रीत.
मार्. ता. सु. वि. ता.
मार्तासुविता.
माझे वडील.
पण ते कुठले कवी?
दोन ओळींचं पत्रही त्यांना धड जुळत नसे.
आणि हे वळण त्यांचं नव्हे,
मान डावीकडे लवलेला हा 'सु'
मी तिच्या मेणाच्या नळीतून उतरताना पाहिलेला आहे,
फुलांच्या वेलीत, पक्ष्याच्या गळ्यात, कुठेही.
बाजारात अंगठा उठवणारी माझी आई.
वाचता येणाऱ्या बायकांचीही नावं
त्या साली याद्यांत जात होती.

आमच्या भाषेत क्रियापदाला काळ नसतो.
ऋषी विचारतो. हत्ती उभा. विहीर बोलत नाही.
काल की उद्या, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.
अख्ख्या गावाने उद्या ठरवलं;
प्रत्येक ओळीच्या शेवटचं 'ईल' आम्हीच टाचलं.
उद्यासाठी रडणाऱ्या बाईला
कोणी चौकीवर बोलवत नाही.
आणि ती दर गुरुवारी रात्री, सगळ्यांच्या देखत,
नवऱ्याचं नाव गाववाल्यांच्या तोंडून
सुरात ऐकत बसायची.
सुपारी कातरत.

क्रामालक्सानांचा पणतू परवा आला.
म्बाह, हे कधी घडणार आहे?
मी शेल्याची घडी घातली, काठ आत.
आईसारखीच, सवयीने.
मग घडी मोडली,
त्याचं बोट धरलं
आणि उजव्या टोकावर ठेवलं.